ठरवून केलेलं सिझर: तारीख पक्की झाल्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

सिझर आधीच ठरलेलं असलं की हाताशी वेळ असतो. बाळाचे ठोके उतरले म्हणून रात्री दोनला घाईघाईनं थिएटरमध्ये नेलेल्या बाईला जे विचारता येत नाही, ते सगळं विचारायला आणि घर लावून ठेवायला हे दिवस मिळतात. सिझर छान पार पडलं असं ज्या सांगतात, त्यांचं निम्मं काम आधीच्या पंधरा दिवसांतच झालेलं असतं. नाशिकमधल्या बऱ्याच घरांत मात्र हे दिवस मुहूर्त काढण्यात जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तारीख आणि मुहूर्त

बाळ पायाळू किंवा आडवं असणं, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणं, आधी दोन सिझर झालेली असणं ही ठरवून सिझर करण्याची नेहमीची कारणं. घाई करण्यासारखं काही नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख धरतात. त्याआधी बाळ काढलं तर फुफ्फुसातलं पाणी पुरतं निचरलेलं नसण्याची शक्यता वाढते. मग बाळ धापा टाकतं आणि एकदोन दिवस आईपासून लांब, काचेच्या पेटीत राहतं. वार खाली असेल, जुळं असेल किंवा रक्तदाब वाढला असेल तर डॉक्टर तारीख अलीकडे आणतात. तो निर्णय त्यांचा. आठवडे मोजताना पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी प्रमाण माना. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरची तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते आणि ती आठवडा-दोन आठवडे सहज चुकते.

मुहूर्त हवाच असेल तर क्रम उलटा करा. आधी डॉक्टरांकडून तीन-चार दिवसांचा टप्पा घ्या, मग पंचवटीतल्या गुरुजींना त्या दिवसांतली सकाळी आठ ते दुपारी दोनमधली वेळ विचारा. शहरातले बरेच भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच दिवशी तीन-चार दवाखान्यांत जातात. कामाच्या दिवशी सकाळी ते हाताशी असतात, रक्तपेढी आणि लॅबमध्ये माणसं असतात, काही बिघडलं तर दुसरा सर्जन लवकर मिळतो. पहाटे तीनच्या मुहूर्तावर यातलं काहीच नसतं. शिवाय आधीचं सिझर असेल तर आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असू शकतात आणि बाळापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे मिनिटाचा हिशेब कुणीच देऊ शकत नाही. तो मागून सर्जनवर घाईचं ओझं टाकू नये.

रस्त्याचाही विचार तारखेतच येतो. मोठ्या पावसात गोदाघाटावरचे सखल पूल पाण्याखाली जातात, आणि २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना पंचवटी, तपोवनाकडचे रस्ते बंद असतील. घर नदीच्या एका काठाला आणि दवाखाना दुसऱ्या काठाला असेल तर आदल्या दिवशीच दाखल झालेलं बरं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्यांनी ३८व्या आठवड्यापासून शहरात नातेवाइकांकडे राहावं. कारण दहातल्या साधारण एकीला ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू होतात किंवा पाणी जातं. तसं झालं तर त्या क्षणापासून काही खाऊ नका, फाइल घ्या आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आधीचे पंधरा दिवस

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर या टप्प्यावर गोळ्यांनी फारसं हाती लागत नाही. शिरेतून लोह देता येईल का, हे विचारा. सिझरमध्ये अर्धा लिटर ते एक लिटर रक्त जाणं अपेक्षितच असतं. आठ हिमोग्लोबिनवर थिएटरमध्ये गेलेली बाई तिसऱ्या दिवशी उभी राहताना चक्कर येऊन खाली बसते, आणि पुढचं चालणं, पाजणं, झोप सगळंच रखडतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून) लागतं. वार खाली असेल किंवा आधीची सिझर असतील तर रक्ताच्या पिशव्या राखून ठेवल्यात का, हे स्पष्ट विचारून घ्या.

भूलतज्ज्ञांना आधी भेटता आलं तर जरूर भेटा. छोट्या दवाखान्यांत ते थेट ऑपरेशनच्या वेळीच येतात, पण मागितल्यास फोनवर तरी बोलतात. त्यांना सांगायच्या गोष्टी: पाठीच्या मणक्याचा त्रास किंवा शस्त्रक्रिया, आधी भूल घेताना आलेली अडचण, दमा, औषधाची अॅलर्जी, आणि चालू असलेली सगळी औषधं. हेपरिनसारखं रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घ्यायचा हे तेच ठरवतात. प्रतिबंधक डोसनंतर साधारण १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर २४ तास गेल्याशिवाय पाठीत सुई देत नाहीत. थायरॉईड आणि रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, इन्सुलिनचं मात्र विचारूनच.

कॉपर-टी किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया सिझरच्या वेळीच करता येते. हवी असेल तर निर्णय आणि सही आताच होऊ द्या. टेबलावर झोपलेल्या बाईला असं विचारणं बरोबर नाही, आणि तिच्या वतीनं बाहेर बसलेल्या सासू-सासऱ्यांना विचारणं तर नाहीच.

आता अनुभवाचा भाग. पुढच्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी होऊ शकतात, पण मागितल्याशिवाय क्वचितच होतात. नाळ निदान एक मिनिट थांबून कापणं, म्हणजे बाळाला लोहाचा साठा मिळतो. बाळ ठणठणीत असेल तर याला सहसा नकार नसतो. बाळ बाहेर येताना समोरचा पडदा जरा खाली करणं. बाळाला पुसून लगेच आईच्या छातीवर उघड्या अंगानं ठेवणं आणि वरून कोरडं, ऊबदार कापड टाकणं. वजन आणि मापं नंतर घेणं. टाके घालेपर्यंत बाळ बाहेर न पाठवणं. नवरा किंवा आई थिएटरमध्ये असणं. ही परवानगी सगळ्यात अवघड, जागा आणि निर्जंतुकीकरणाच्या कारणावरून बरेच दवाखाने नाही म्हणतात. तिथे अडून बसण्यापेक्षा बाळाला छातीशी द्या हा मुद्दा लावून धरा, त्याचा फायदा जास्त आहे. हे सगळं एका कागदावर चार-पाच ओळींत लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. त्या दिवशी ड्युटीवरची सिस्टर वेगळी असते, तुमचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं तिला माहीत नसतं.

खर्चाचं विचारताना ‘पॅकेज’ या शब्दावर थांबू नका. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, रक्त, आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर त्याचे रोजचे पैसे आत आहेत की बाहेर, ते लिहून घ्या. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको अशा सरकारी ठिकाणी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं मोफत मिळण्याचा हक्क आहे. सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवणही त्यात धरलेलं आहे.

आदला दिवस: बांगड्या, पिशवी, उपास

डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा आदल्या दिवशीच उतरवा. सलाईनची सुई आणि रक्तदाबाचा पट्टा हातालाच असतो, काचेच्या बांगड्या दोन्हीच्या आड येतात. जोडवी, अंगठ्या, मंगळसूत्र, चमकीही काढायची, कारण रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात आणि धातूच्या जागी भाजण्याचा धोका असतो. नवव्या महिन्यात बोटं सुजलेली असतात. साबणाचं पाणी लावून, हात वर धरून अंगठी निघते. सकाळी थिएटरच्या दारात निघाली नाही तर कापावी लागते. नेलपॉलिश काढा. खालचे केस घरी ब्लेडनं काढू नका, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात आणि टाके चिघळतात. गरज असेल तर दवाखान्यात मशीननं कापतात.

पिशवीत दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात: कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या सैल सुती चड्ड्या, म्हणजे इलॅस्टिक टाक्यांवर बसत नाही, आणि न घसरणाऱ्या चपला. बाकी पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, पायमोजे, शाल, स्ट्रॉ, एक घट्ट छोटी उशी, बाळाची झबली, लंगोट, दुपटी, टोपडं. फाइलमध्ये सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार, विम्याचं कार्ड.

हलकं जेवण सहा तास आधी थांबवायचं, तळलेलं किंवा जड असेल तर आठ. साधं पाणी बहुतेकींना दोन तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध असतं म्हणून तो पाण्यात धरू नका. एक अडचण वारंवार येते: मध्येच तातडीचं सिझर आलं की ते आधी घेतात आणि तुमचा नंबर तीन-चार तास पुढे जातो. अशा वेळी गुमान तहानलेलं राहू नका. ‘आता मला पाणी चालेल का, सलाईन लावता का’ असं विचारा.

थिएटरमध्ये काय होतं

बसवून किंवा कुशीवर वळवून कमरेच्या खालच्या मणक्यांत बारीक सुई देतात. त्या वेळी पाठ बाहेर काढायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि हलायचं नाही. काही मिनिटांत पाय गरम आणि जड होतात. सुन्नपणा छातीच्या खालच्या भागापर्यंत चढतो, त्यामुळे श्वास उथळ वाटतो. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. रक्तदाब एकदम उतरला की मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती लगेच सांगा, भूलतज्ज्ञांकडे औषध भरून तयार असतं. थरथर सुटणंही नेहमीचं आहे.

दुखत नाही, पण ओढाताण आणि दाब जाणवतो. बाळ काढताना पोटाच्या वरच्या भागावर जोरात दाबतात. हे आधी माहीत नसलं तर माणूस दचकतं. कळ म्हणून काही जाणवलं तर मात्र गप्प बसू नका, भूल वाढवता येते. ओटीपोटाखाली आडवा छेद असतो, स्नायू कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. पहिल्या सिझरमध्ये बाळ साधारण पाच ते दहा मिनिटांत बाहेर येतं. उरलेला अर्धा-पाऊण तास थर शिवण्यात जातो, आणि बाळ छातीवर असेल तर तो कसा गेला ते कळतही नाही.

भुलीच्या सुईनं आयुष्यभर कंबर दुखते हा समज नाशिकमध्ये पक्का बसलेला आहे. सुई टोचल्या जागी थोडे दिवस ठणकतं, एवढंच. महिनोन्महिने दुखणारी कंबर ही बहुतेक वेळा वाकून पाजण्याची, अशक्त झालेल्या पोटाच्या स्नायूंची आणि बाळाला उचलण्याच्या पद्धतीची देणगी असते. सुईशी खरं नातं असलेला त्रास वेगळा आहे: एक-दोन दिवसांत सुरू होणारी, बसलं-उभं राहिलं की चढणारी आणि आडवं झालं की उतरणारी डोकेदुखी. मणक्यातलं पाणी सुईच्या भोकातून झिरपल्यामुळे ती होते. अशी डोकेदुखी भूलतज्ज्ञांना कळवा. गोळ्यांनी थांबली नाही तर त्यावर नेमका उपाय त्यांच्याकडे असतो.

पहिले चोवीस तास

पहिले दोन तास सिस्टर वरचेवर येऊन रक्तदाब, नाडी, अंगावरून किती जातंय आणि गर्भाशय घट्ट आहे का ते बघतात. पोटावर दाबलेलं नको वाटतं, पण ते टाळू नका. पायांत जाणीव दोन ते चार तासांत परत येते. तेव्हापासून दर तासाला घोटे वर-खाली दहा-दहा वेळा हलवा. बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं आणि पाय स्थिर राहिले तर पोटरीच्या शिरेत गाठ होऊ शकते.

मळमळ नसेल तर काही तासांतच घोट घोट पाणी, मग चहा, पातळ पेज सुरू करता येते. ‘वारा सरल्याशिवाय काही नाही’ हा जुना दंडक आता बऱ्याच ठिकाणी मोडलाय, तरी तुमच्या डॉक्टरांचं ऐका. गॅसनं पोट फुगणं आणि उजव्या खांद्यापर्यंत कळ जाणं याचा काही जणींना टाक्यांपेक्षा जास्त त्रास होतो. त्यावर चालणं हाच पहिला उपाय. दिवसातून तीनदा, अर्धा तास च्युइंगम चघळल्यानं आतडी लवकर जागी होतात हे अभ्यासांत दिसलंय, आणि ते स्वस्तही आहे. पहिले दोन दिवस सोडा-वॉटर, थंड पेयं, राजमा-छोले नको.

पहिल्यांदा उठणं सहा ते बारा तासांनी, पायांत पूर्ण ताकद आल्यावर. पद्धत अशी:

१. दुखण्याची गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास झालेला असू द्या.
२. पाठीवर असताना गुडघे वाकवा आणि खांदे-कंबर एकत्र ठेवून कुशीवर वळा. सरळ उठून बसायचं नाही, त्यात सगळा ताण टाक्यांवर येतो.
३. पाय पलंगाखाली सोडा, त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या तळहातानं गादी दाबून वर या.
४. दोन-तीन मिनिटं बसून राहा. चक्कर आली तर पुन्हा आडव्या व्हा, अर्ध्या तासानं परत.
५. दोन्हीकडून आधार घेऊन उभ्या राहा आणि पाठ शक्य तितकी सरळ करा. वाकून चाललं की दुखणं लांबतं.

उभं राहताच खळकन रक्त जातं. ते आडवं असताना साठलेलं असतं, घाबरू नका, पण पॅड बदला आणि पुढे लक्ष ठेवा. लघवीची नळी साधारण १२ ते २४ तासांत काढतात. त्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा थेंब थेंबच होतेय, तर सांगा. मूत्राशय फुगून राहिलं तर त्याची ताकद जाते. खोकताना, हसताना, शिंकताना ती छोटी उशी पोटावर दाबून धरा.

दुखणं घड्याळावर ठेवा

इथे बायका सगळ्यात जास्त चुकतात. ‘सहन होईल तेवढं करू, दुधात औषध जातं’ म्हणून गोळी टाळतात, मग कळ डोक्यात गेल्यावर घेतात. चढलेली कळ उतरायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो, तोवर ना चालणं होतं ना पाजणं. पहिले तीन-चार दिवस डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या दुखो न दुखो वेळेवर घ्या. नेहमीची रचना म्हणजे पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि जोडीला जेवणानंतर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर पॅरासिटामॉलचा डोसही कमी. ही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात आणि पाजताना चालतात. किडनीचा विकार, अल्सर, या गोळ्यांनी बळावणारा दमा किंवा गरोदरपणात खूप वाढलेला रक्तदाब असेल तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरा. कोडीन असलेलं औषध पाजणाऱ्या आईनं घेऊ नये.

दूध

सिझरनंतर पान्हा फुटायला कधी कधी एखादा दिवस जास्त लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरते. तोवर चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, पुरतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. ‘दूध आलं नाही’ म्हणून मध, साखरपाणी, गुटी किंवा डब्याचं दूध सुरू करायची घाई घरातले करतात, आणि बाळ ओढायचं कमी झालं की दूध खरंच उशिरा येतं. पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्या, नंतर दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा. बाळ झोपाळू असेल तर हातानं चीक पिळून चमच्यानं द्या.

टाक्यांवर वजन येऊ नये म्हणून दोन पद्धती बऱ्या. एक, कुशीवर झोपून, बाळाचं पोट तुमच्या पोटाला लावून, तुमच्या पाठीमागे उशी. दुसरी, बाळाला काखेत धरून, पाय मागच्या बाजूला आणि खाली दोन उशा. पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका. सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा दुपटी ओली होतात का आणि दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत येतं का, ते बघा. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांकडे जाऊ लागलं तर दाखवा.

घरी आल्यावर

घर बाळाच्या पाळण्याआधी आईच्या उठण्याबसण्यासाठी लावा. पलंग गुडघ्याएवढा उंच हवा. जमिनीवरच्या गादीवरून उठताना पोटाला दर वेळी हिसका बसतो. घरी भारतीय संडासच असेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा, पहिले दोन-तीन आठवडे उकिडवं बसणं जड जातं. पहिल्या शौचाची भीती मोठी असते. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध दुसऱ्या दिवसापासूनच घ्या, पायाखाली छोटं स्टूल ठेवा, जोर लावू नका. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जिने उभे असतात. वरची खोली असेल तर दिवसातून एकदाच उतरा-चढा, एक एक पायरी, कठड्याला धरून. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नका: भरलेली बादली, कुकर, थोरलं मूल. थोरल्याला उचलण्याऐवजी पलंगावर शेजारी चढू द्या.

घरी येताना गाडीत पुढच्या सीटवर पट्टा ओटीपोटाखालून घ्या आणि मध्ये उशी ठेवा. स्कूटी सहा आठवडे नको, मागे एका बाजूला बसूनही नको.

पाचवीची पूजा आणि बारसं ही दोन्ही टाके ताजे असतानाच येतात. पाटावर न बसता खुर्चीत बसा, अर्ध्या तासात उठा. बारसं महिन्यानं केलं तर कुणाचं काही अडत नाही, उलट पाहुण्यांबरोबर येणारा सर्दी-खोकला तेवढा टळतो.

मालीशवालीला पहिल्या दिवशीच बजावून ठेवा: हात, पाय, खांदे, डोकं खुशाल चोळ, पोटाला आणि टाक्यांना हात नाही. शेक-शेगडीबाबत जरा कडक राहा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी दहा अंशांच्या खाली जाते आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि बाळ-बाळंतीण दोघांच्याही जिवावर बेततं. छेदाभोवतीची कातडी बधिर असते, त्यामुळे भाजलेलंही कळत नाही. ऊब हवी असेल तर जाड पांघरूण, टोपडं, पायमोजे आणि बाळ छातीशी. ओवा-शेपाची धुरी बाळाच्या खोलीत नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात उलट चूक होते, पंखा बंद ठेवून बाळंतिणीला घामानं निथळवतात आणि ओल्या घडीत टाके चिघळतात. पंखा लावा, थेट झोत टाळा.

पोटाला पट्टा बांधल्यानं चालताना आधार वाटतो, तेवढ्यासाठी बांधा, झोपताना काढा. पोट आत जाण्याशी त्याचा संबंध नाही.

खाणं

भात खाल्ला की टाक्यांत पू होतो, वांगं, लिंबू, ताक चालत नाही, पाणी कमी प्यायचं: यातलं काहीही पाळायची गरज नाही. पू होतो तो जंतूंमुळे. पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ होतं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं किंवा मासे-चिकन यांपैकी एक, पालेभाजी आणि जोडीला लिंबू किंवा पेरू, म्हणजे लोह अंगी लागतं. आळिवाची खीर, नाचणी, डिंकाचे लाडू उत्तमच, फक्त लाडू दिवसाला एक-दोन. तुपाचा मारा केल्यानं टाके लवकर भरत नाहीत. सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे बाळंतपणानंतर सहा महिने रोज लोह-फॉलिक अॅसिडची गोळी, आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही.

टाके

ड्रेसिंग कधी काढायचं, टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे घरी सोडताना विचारा. ड्रेसिंग निघाल्यावर रोज अंघोळीत साधं पाणी आणि सौम्य साबण वरून ओघळू द्या, घासू नका, स्वच्छ मऊ कापडानं टिपून घ्या. पोटाची घडी छेदावर येत असेल तर दिवसातून दोनदा आडवं पडून घडी वर करून हवा लागू द्या. हळद, पावडर, तेल, कुणी सुचवलेलं मलम नको. छेदाच्या वर बधिरपणा, खाज, मधूनच टोचल्यासारखं होणं हे काही महिने राहतं. कातडी दहा दिवसांत जुळते, आतले थर मात्र सहा आठवडे आणि त्याहूनही जास्त घेतात. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात ‘आता अगदी बरं वाटतंय’ म्हणून धुण्याची बादली उचलणारी पुन्हा आडवी होते. चालणं पाच मिनिटांपासून वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर आणा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम लघवीची नळी निघाल्यावर सुरू करता येतो.

पुढच्यापैकी काही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजणं. अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणं. छेद लाल, गरम, फुगलेला, पाणी किंवा पू. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे चमकलं तर थेट १०८. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगं दुखणं आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर आईला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी न्या.

कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. दवाखाना माहिती पाठवतो, पण ती महापालिकेच्या तुमच्या दवाखान्याच्या विभागीय कार्यालयात पोचली का ते एकदा बघा, आईचं नाव आधारप्रमाणेच आहे ना तेही. बाळाचं नाव ठरलं नसेल तर थांबू नका, ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येतात. सिझर ठरलेलं असेल तर ती आधी कमी वापरून नंतरसाठी राखता येते.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर बहुधा ‘सिझर झालं’ एवढंच असतं. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, तो पुढे फाटला होता का, आतलं चिकटलेलं होतं का, वार सहज निघाली का, हे त्या प्रतीत असतं. बाहेरच्या कातडीवरच्या खुणेवरून आतला छेद कळत नाही, आणि पुढचं बाळंतपण नैसर्गिक करून बघायचं की नाही हे त्याच छेदावर ठरतं. दोन बाळंतपणांत अंतर किती हवं हेही त्याच भेटीत विचारा. पुन्हा दिवस राहण्याआधी साधारण दोन वर्षं जाऊ देण्याचा सल्ला देतात. ही प्रत सोनोग्राफीच्या फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दवाखाने बदलतात आणि जुन्या फाइली सापडत नाहीत.